शाबासकी आणि शेजारी

'तुमचा समाज बघा किती पुढे गेला!' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकलेले आहे. 14 एप्रिलच्या व्यासपीठावर पाहुणे म्हणून आलेले पुढारी ते म्हणतात, तहसील कचेरीतले साहेब म्हणतात, पालक सभेला आलेले शेजारच्या गावचे पाटीलही म्हणतात. ऐकताना बरे वाटते, आणि बरे वाटण्यात गैर काही नाही. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या हिणवणेच आले, त्याला शाबासकीचे अप्रूप असणारच. परंतु हे वाक्य सहसा तेथे थांबत नाही. त्याला एक शेपूट असते. 'नाहीतर हे मांग बघा, अजून तिथेच आहेत.' किंवा, 'आदिवासींसाठी सरकार एवढे करते, पण त्यांना शिकायचेच नाही.' शाबासकी आपल्याला उद्देशून असते आणि बोलण्याचा रोख दुसऱ्यावर असतो. तो दुसरा पुष्कळदा त्याच सभागृहात, मागच्या रांगेत, मान खाली घालून बसलेला असतो.

या स्मरणिकेत आपल्या निवासी शाळेच्या वाटचालीचा गौरव करणारे लेख असतीलच, आणि ते असायलाच हवेत. मी मात्र या गौरवाच्या एका धोक्याविषयी लिहिणार आहे. आपण 'आदर्श' ठरवले गेलो की आपल्या शेजाऱ्यांशी असलेल्या आपल्या नात्याचे काय होते, हा माझा प्रश्न आहे.

या प्रकाराला जगात नाव आहे. अमेरिकेत त्याला 'मॉडेल मायनॉरिटी' म्हणतात. आपण 'आदर्श अल्पसंख्याक' म्हणू. जानेवारी 1966 मध्ये विल्यम पीटरसन या समाजशास्त्रज्ञाने 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या साप्ताहिक पुरवणीत अमेरिकेतील जपानी लोकांच्या यशावर एक लेख लिहिला. एवढा भेदभाव सोसूनही हे लोक कष्टाने, शिस्तीने, कुटुंबाच्या बळावर कसे वर आले, याचे त्यात कौतुक होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. 1942 मध्ये याच अमेरिकेने एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या माणसांना, ज्यांतील बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते, घरेदारे सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले होते. चोवीस वर्षांनी तेच लोक आदर्श ठरले. मध्यंतरी काय घडले? 1964 चा नागरी हक्कांचा कायदा झाला, 1965 चा मतदान हक्काचा कायदा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत कृष्णवर्णीयांचा उद्रेक झाला. कृष्णवर्णीय माणूस रस्त्यावर उतरून हक्क मागत होता, नेमक्या त्या क्षणी त्याला सांगण्यात आले की, ते बघा, त्यांनी काही मागितले नाही, तरी ते वर आले.

त्यानंतर 1965 च्या स्थलांतर कायद्याने आशियातील डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ यांना अमेरिकेची दारे उघडली. त्यांत भारतीयही पुष्कळ होते, आणि त्या भारतीयांत आपल्या वस्तीतली माणसे किती असतील याचा अंदाज वाचकांनी करावा. गिरणीतून निवडून, पाखडून निघालेला तांदूळ एका बाजूला ठेवायचा, खळ्यावरचे धान दुसऱ्या बाजूला ठेवायचे, आणि म्हणायचे की बघा हा किती स्वच्छ! अशी ती तुलना होती. तिचे पर्यवसान पुढे कशात झाले तेही जगाने पाहिले. 1992 मध्ये लॉस एंजेलिसला पोलिसांच्या निर्दोष सुटकेवरून वणवा पेटला तेव्हा गरीब वस्त्यांतील कोरियन लोकांची शेकडो दुकाने जळाली. सत्ता ज्यांच्या हातात होती त्यांची घरे दूर होती. दुकानदार आणि गिऱ्हाईक, दोघेही रंगाने 'वेगळे', एकमेकांसमोर उभे होते.

बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्यांनी त्या देशातील कोणाशी नाते शोधले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील निग्रोंचे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांपुढे मांडले गेले होते, त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. कोण किती पुढे गेला याची मोजदाद त्या पत्रात नव्हती. ज्याचे दुःख आपल्या दुःखाच्या जातीचे आहे, त्याने काय उपाय केला एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

आता गोंदियाकडे येऊ. आपल्या शहरात फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव व्यापारात स्थिरावले, नावारूपाला आले. 'ते अंगावरच्या कपड्यांनिशी आले, त्यांनी कधी आरक्षण मागितले का?' हा प्रश्न मी महाविद्यालयात असल्यापासून ऐकते आहे, आणि तो नेहमी बौद्धांना विचारला जातो. सिंध्यांनी कष्ट उपसले हे खरेच आहे. पण त्यांच्या हाताशी पिढ्यांचे व्यापारी ज्ञान होते, नातेवाइकांची पत होती, आणि सरकारने निर्वासितांसाठी छावण्या, घरे, कर्जे उभी केली होती; 1954 मध्ये नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदाच झाला. मुख्य म्हणजे त्यांच्या दुकानातून पेढा विकत घेताना कोणाला विटाळ झाला नाही. आपल्या माणसाने 1950 मध्ये गोंदियाच्या बाजारात मिठाईचे दुकान थाटले असते तर काय झाले असते, याचे उत्तर आपल्या आजोबांना ठाऊक होते. सिंधी माणसाने ही तुलना केलेली नाही. ती त्याच्या नावाने तिसऱ्यानेच केली. तरीही तिचा राग मनात धरून आपल्यातले काही जण त्या समाजाविषयी कडवट बोलतात, हेही मी पाहिले आहे.

आपल्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ, गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. नॉर्ग्येलिंग हे तिचे नाव. हिवाळ्यात ते लोक स्वेटर विकायला शहरांत बसतात. त्यांच्याविषयी सवर्ण शेजारी कसे बोलतो? 'किती शांत माणसे! खरे बौद्ध!' म्हणजे मग खोटे बौद्ध कोण, हे सांगायची गरज उरत नाही. मोर्चा काढणारा, निवेदन देणारा, अत्याचाराच्या गुन्ह्याची नोंद करा म्हणून पोलीस ठाण्यात बसून राहणारा तो खोटा. तथागत एकच, पंचशील एकच. पण एकाचे बौद्धपण पाहुण्याचे आहे आणि दुसऱ्याचे हक्कदाराचे. पाहुणा गावाच्या पाणवठ्यावर, गायरानावर, ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर दावा सांगत नाही, म्हणून तो गोड वाटतो. तिबेटी बांधवांचे दुःख देश गमावलेल्यांचे दुःख आहे. त्यांना आपल्याविरुद्धचा दाखला म्हणून वापरले जाते हे त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊकही नसेल.

असे दाखले आपल्यावर फेकले जातात तेव्हा त्यांतली लबाडी आपल्याला चटकन कळते. आपलाच दाखला करून तो मातंगांवर, मेहतरांवर, गोंडांवर फेकला जातो तेव्हा मात्र आपण तो खाली पडू देत नाही. छातीवर बिल्ल्यासारखा लावून घेतो.

2011 च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता सुमारे 81 टक्के भरली. देशाची सरासरी सुमारे 73 टक्के होती. हा आकडा आपल्या भाषणांत वारंवार येतो आणि त्याचा अभिमान रास्त आहे. प्रश्न आहे तो या आकड्याच्या कारणांचा. आपल्या तरुण मुलांना विचारले तर ती सांगतात, आपण बाबासाहेबांचे ऐकले, इतरांनी ऐकले नाही. हे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे इतिहासात आहे.

बाबासाहेबांची हाक आली तेव्हा ती ऐकण्याइतकी उसंत आणि उभे राहण्याइतकी जमीन आपल्या पूर्वजांपैकी काहींना मिळालेली होती. पश्चिम महाराष्ट्रात ती इंग्रजांच्या पलटणीने दिली. छावणीत शिपायांना व त्यांच्या मुलांना शिक्षण मिळे. सुभेदार रामजी स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. 1890 च्या दशकात महारांची भरती बंद झाली तोवर वाचणारी-लिहिणारी एक पिढी तयार झाली होती, आणि भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज लिहिणारेही तीच माणसे होती. आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात पलटण कमी, पण माग होता. जुन्या मध्य प्रांतात महार हा कोतवाल होता, मजूर होता, तसाच तो जाडेभरडे कापड विणणारा विणकरही होता. काहींकडे कुळवहिवाटीची शेतीही होती. विणकर बाजाराला जातो, सुताचा भाव समजून घेतो, हिशेब ठेवतो. 1877 मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, मग आणखी गिरण्या आल्या, रेल्वे आली, गोंदिया जंक्शन झाले, तुमसरकडे मँगनीजच्या खाणी निघाल्या, बिडीचे कारखाने आले. रोख मजुरी मिळू लागली आणि गावाच्या बलुत्यावरचा भार थोडा हलका झाला. या पैशातून, या मोकळिकीतून किसन फागू बनसोडे यांनी नागपुरात 1907 साली मुलींची शाळा काढली, गोंदियाचे कालीचरण नंदागवळी यांच्यासारखी माणसे सार्वजनिक कार्यात उतरली, चोखामेळा वसतिगृह उभे राहिले. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या भूमीवर लाखोंचा समुदाय जमला, त्यामागे निदान पन्नास वर्षांची ही मशागत होती.

मातंगांना यांतले काय मिळाले? दोर वळणे, केरसुण्या बांधणे, वाजंत्री वाजवणे हे धंदे गावालाच बांधलेले. गिरणीने विणकराला मजूर म्हणून तरी आत घेतले. दोर वळणाऱ्यासाठी कोणता कारखाना निघाला? पश्चिम महाराष्ट्रात तर गुन्हेगार जमाती कायद्याचा फास मातंगांतील अनेकांच्या गळ्यात पडला. रोजची हजेरी, गाव सोडायला परवानगी. अण्णाभाऊ साठ्यांची 'फकिरा' त्या काळाच्या पार्श्वभूमीवर उभी आहे. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला. ज्याला हजेरी द्यायला रोज पाटलाच्या दारात उभे राहावे लागते, त्याने वसतिगृहात जाऊन शिकावे कसे? गोंदियाच्या मेहतर वस्तीची कथा वेगळी; नगरपरिषदेची सफाईची नोकरी हीच तेथे बापाकडून मुलाकडे येणारी इस्टेट ठरली. आणि देवरी-सालेकसाच्या जंगलपट्टीतील गोंड, हलबी, कंवर यांच्याकडे शाळा उशिरा आली आणि आली तेव्हा त्यांच्या भाषेत आली नाही.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, प्रगती ही रक्तातून येत नाही हे आपण शंभर वर्षे ब्राह्मणांना ऐकवत आलो आहोत. मग ते आपल्यालाही लागू आहे.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन प्रतवारीची विषमता असे केले. या व्यवस्थेत प्रत्येकाच्या डोक्यावर कोणीतरी बसलेला असतो आणि प्रत्येकाच्या पायाखालीही कोणीतरी असतो. त्यामुळे वरच्याविरुद्ध सगळे एकत्र होत नाहीत. 'प्रगत दलित' ही पदवी म्हणजे त्या उतरंडीतले नव्याने रंगवलेले मडके आहे. ही उतरंड आपल्यातही होती, हे सांगणारी पहिली व्यक्ती चौदा वर्षांची एक मातंग मुलगी होती. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'त छापून आला. शीर्षक पाहा. त्यात दोन्ही जातींचे दुःख एकत्र आहे. तरीही त्याच निबंधात, महारही मांगांना आपल्याहून खालचे समजतात, त्यांच्या सावलीचा विटाळ मानतात, हे तिने निर्भीडपणे लिहिले. आपल्या साहित्य संमेलनांत मुक्ताचे नाव पहिल्या दलित लेखिका म्हणून आदराने घेतले जाते. निबंधातला हा भाग सहसा वाचला जात नाही.

तिच्यानंतर एक शतकाने, 1958 मध्ये, मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्‌घाटन अण्णाभाऊंनी केले. दुसऱ्या वर्षी 'फकिरा' आली. तिची अर्पणपत्रिका बाबासाहेबांच्या लेखणीला आहे. एवढे जवळ आलेले दोन समाज पुढे का दुरावले, याची उत्तरे दोन्ही टोल्यांत वेगवेगळी मिळतात. आपण म्हणतो, त्यांनी धर्मांतर केले नाही, ते देवदेव करतात, दुसऱ्यांच्या झेंड्याखाली जातात. ते म्हणतात, तुम्ही बाबासाहेबांना तुमचेच करून टाकले, सवलती तुम्हीच खाल्ल्या. राजकीय पक्षांनी या दोन्ही वाक्यांना खतपाणी घातले, महामंडळे वेगळी, जयंत्या वेगळ्या, मेळावे वेगळे झाले. पण ठिणगी पक्षांनी बाहेरून आणली नाही. 'तुम्ही यांच्यासारखे का होत नाही?' हे सरकारी आणि सवर्ण तोंडातून आलेले वाक्य आपण आपल्या तोंडात घेतले, तेव्हाच ती पडली. धाकट्या भावाला आई रोज मोठ्याचे उदाहरण देत राहिली तर धाकट्याचा राग आईवर निघत नाही, हे दोन मुलांच्या प्रत्येक घराला माहीत असते.

शिवाय या शाबासकीने आपले संरक्षण तरी कितीसे केले? आपल्या जिल्ह्याची 1999 पर्यंत जी नाळ होती त्या भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत, 29 सप्टेंबर 2006 ला भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरेखाबाई, प्रियंका, रोशन, सुधीर. ते शेती करणारे, मुलांना शिकवणारे, जमिनीच्या वाटेसाठी आणि खऱ्या साक्षीसाठी ताठ उभे राहणारे बौद्ध कुटुंब होते. व्यासपीठावरून ज्या गुणांचे कौतुक होते नेमके तेच गुण त्या गावात असह्य झाले. पुढे शिक्षा झाल्या, पण न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायदा त्या प्रकरणाला लागू धरला नाही. शिकलेला दलित आदर्श असतो तो दुरून. बांधाला बांध लागला की तोच 'माजलेला' होतो. मी दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस दहावीच्या वर्गात खैरलांजीवर एक तास घेते, आणि तो पाठ्यक्रमात कुठे आहे असे मला आजवर कोणी विचारले नाही.

आणखी एक नुकसान आपल्या घरातले आहे. 'बौद्ध पुढे गेले' असे म्हणताना कोण डोळ्यांपुढे येतो? नागपूरच्या कॉलनीतले सेवानिवृत्त अधिकारी, शिक्षक, बँकेतले कर्मचारी. आषाढात दुसऱ्याच्या बांधीत रोवणी करणारी, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारी, उरलेल्या वेळात सुपात तंबाखू घेऊन बिड्या वळणारी आपली आई-बहीण त्या चित्रात नसते. शिष्यवृत्ती वर्ष-वर्ष अडकते, तेव्हा 'आता तुम्हाला काय कमी आहे?' हे उत्तर तिच्याच मुलाला मिळते. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर निम्म्याहून अधिक मुले अशा घरांतून येतात. त्यांना हे सांगायला नको.

येथवर बहुतेक वाचक माझ्याशी सहमत असतील. पुढच्या मुद्द्यावर अनेक जण नसतील, आणि तरीही तो टाळून हा विषय पुरा होत नाही. 1 ऑगस्ट 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. (निकालाचा दिवस अण्णाभाऊंच्या जयंतीचा होता; योगायोगच म्हणायचा.) त्यानंतर महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेलंगणाने 14 एप्रिल 2025 पासून उपवर्गीकरण लागूही केले. महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत 59 जाती आहेत. मातंग समाजाने ही मागणी कैक वर्षे लावून धरलेली आहे. 2003 मध्ये नेमलेल्या लहुजी साळवे आयोगाने त्या समाजाच्या स्थितीचा अभ्यासही केला होता.

आपल्या विहारांतून, बैठकांतून या निकालाला विरोध झाला. त्या विरोधातले काही मुद्दे भक्कम आहेत. अनुशेष भरला जात नाही, कायम पदांऐवजी कंत्राटी भरती होते, मग रिकाम्या होत चाललेल्या ताटाचे वाटे कशाला, हा प्रश्न योग्य आहे. निकालपत्रात काही न्यायाधीशांनी अनुसूचित जातींना क्रीमी लेअर लावण्याची भलामण केली, तिला विरोध व्हायलाच हवा. अस्पृश्यता पगाराच्या पावतीने मिटत नाही. परंतु याच बैठकांत आणखी एक मुद्दा टाळ्या घेतो: 'आम्ही शिकलो, तुम्हाला कोणी अडवले होते?' बंधूंनो आणि भगिनींनो, हे वाक्य आपले नाही. मंडलच्या वेळी आपल्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्यांचे ते वाक्य आहे, गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्यांचे आहे. ते उच्चारताच आपण आरक्षणाच्या तत्त्वाचाच पाया उकरतो.

दुसरे असे, की उपवर्गीकरणाला 'फूट' म्हणून मोडीत काढणे आपल्याला शोभत नाही. 1932 मध्ये बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी वेगळा वाटा मागितला तेव्हा नेमका हाच शब्द त्यांच्यावर फेकण्यात आला होता. मोठ्या कुटुंबात आपला घास आपल्यापर्यंत पोहोचत नाही, असे म्हणणाऱ्याला कुटुंब फोडणारा ठरवायचे की वाढणाऱ्याला जाब विचारायचा? माझे मत असे, की गेल्या तीस-चाळीस वर्षांतील शासकीय नियुक्त्या, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश आणि शिष्यवृत्त्या यांची 59 जातींनुसार आकडेवारी जाहीर करा, ही मागणी आपण, बौद्धांनी, सर्वांच्या आधी केली पाहिजे. आकडे आपल्या बाजूने निघाले तर वाद मिटेल. लहान जातींचा वाटा खरोखरच अडकलेला निघाला तर तो त्यांना वेगळा मिळावा, आणि त्या मागणीच्या निवेदनावर आपलीही सही असावी. संख्येने मोठ्या असलेल्याने हे स्वतःहून केले तर धाकट्याला दुसऱ्याच्या झेंड्याखाली जाण्याचे कारण उरत नाही. या मताबद्दल माझ्याच नात्यातल्या मंडळींनी मला ऐकवले आहे. ते येथे लिहिण्याची गरज नाही.

आदिवासींच्या बाबतीत आपला दोष वेगळ्या प्रकारचा आहे. त्यांच्याशी आपली आरक्षणाच्या जागांवरून स्पर्धा नाही, त्यांची यादी स्वतंत्र आहे. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात ते सुमारे 16 टक्के आहेत आणि अनुसूचित जाती सुमारे 13 टक्के. म्हणजे येथे मिळून आपण मोठी शक्ती आहोत. पण आपण त्यांच्याकडे धाकट्याला शिकवायला निघालेल्या थोरल्याच्या सुरात बोलतो. 'आमच्यासारखे शिका, दारू सोडा, बुवाबाजी सोडा.' माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाज लोटतो. त्यांच्या कोया पुनेमची स्वतःची तत्त्वे आहेत, स्वतःचा पूज्य पुरुष आहे, कुळांची, निसर्गाशी बांधलेल्या गणचिन्हांची स्वतःची रचना आहे. आपल्यापैकी किती जण तेथे एकदा तरी, पाहायला म्हणून नव्हे, भेटायला गेले? आपल्या शाळेतील एका गोंड मुलाने वर्गात विचारले होते, 'मॅडम, नागपूर कोणी वसवले?' मी बख्त बुलंद शाहाचे नाव सांगितले तेव्हा तो शेजारच्या मुलाकडे वळून म्हणाला, 'बघ, म्हटले नव्हते?' त्या दोघांत आधी काय वाद झाला असेल याची कल्पना करता येते.

हे सारे शाळेच्या स्मरणिकेत लिहायचे कारण शाळा हेच आहे. आपल्या निवासी शाळेत बौद्ध मुले बहुसंख्य आहेत. त्यांच्याबरोबर मातंग, चांभार, ढिवर, गोंड, हलबी मुले एकाच पंगतीत जेवतात, एकाच खोलीत झोपतात. सकाळी सगळे त्रिसरण-पंचशील म्हणतात, आणि कोणाच्या पालकांनी त्याबद्दल कुरकुर केलेली नाही. उलट दिशेने आपण काय करतो? निकालाच्या दिवशी फलकावर पहिल्या पाचांची नावे लागतात आणि पाहुणे म्हणतात, 'समाजाने किती प्रगती केली!' पाचांतली एक मुलगी मातंग असली तर 'समाज' या शब्दात ती त्या क्षणी असते की नसते? मला वाटते, तो शब्द आपल्या व्यासपीठावरून कोणासाठी वापरला जातो हे मुले आपल्यापेक्षा अधिक बारकाईने ऐकतात.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे दोन गोष्टी ठेवते. 1 ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती आणि माघ पौर्णिमेला कचारगडची भेट शाळेच्या वार्षिक वेळापत्रकात 14 एप्रिल आणि 14 ऑक्टोबरच्या बरोबरीने यावी, आणि त्यांचे नियोजन त्या त्या समाजाच्या पालकांकडे सोपवावे. आपण सतरंज्या अंथराव्यात. दुसरी गोष्ट पैशाची आहे. माजी विद्यार्थी मंडळ दहावीनंतरच्या शिक्षणासाठी जी मदत देते तिच्या अर्जात 'बौद्ध समाजातील होतकरू विद्यार्थी' अशी अट छापलेली आहे. ती अट काढून 'या शाळेचा विद्यार्थी' एवढेच ठेवावे आणि निम्म्या जागा ज्या घरात पहिल्यांदाच कोणी दहावी झाले आहे अशा मुलांसाठी राखाव्यात, मग ते घर कोणाचेही असो. हा प्रस्ताव मी लेखी दिला आहे. मंडळाची सभा या स्मरणिकेच्या प्रकाशनानंतर, त्याच दुपारी, भोजनगृहात आहे.